पस्तीस दात्यांचं चाक

खैरटोल्यातून जबलपूरकडे जाणाऱ्या बरगीच्या डांबरी रस्त्याला लागायचं म्हणजे मधे दीड मैलाची घाटी. मुरमाची वाट, एका अंगाला सागाचं रान, दुसऱ्या अंगाला नाला. आणि अर्ध्यावर एक वळण असं उभं, की भरल्या गाडीचे बैल तिथं गुडघे टेकायचे. चिंतामणीची पिकअप रोज सकाळी त्या वळणाशी येऊन दम सोडायची. पहिला गिअर, पाय तळाला दाबलेला, इंजिन ओरडतंय, क्लचचा जळका वास सुटलाय आणि गाडी जागच्या जागी. मग तो खिडकीतून हात काढून दारावर दोनदा थापटायचा. मागची माणसं न सांगता खाली उतरायची. बाया पदर खोचून कडेनं चालू लागायच्या, गडी मागून खांदा लावायचे, आणि गेंदाबाई सागाचा ठोकळा घेऊन मागच्या चाकाशी वाकायची. गाडी हातभर पुढं गेली की ठोकळा हातभर पुढं.

ठोकळ्याचं काम तिला कुणी दिलेलं नव्हतं. ती ढीमर टोल्यातली, म्हणजे कोळ्यांच्या वस्तीतली, चाळिशीची, विधवा. नवरा असताना त्याच्याबरोबर नर्मदेत जाळी टाकायची. नाव वाळूवरून ओढताना ओंडका कुठं आणि कधी सरकवायचा हे तिच्या हाताला ठाऊक होतं, म्हणून पहिल्याच दिवशी ती वाकली आणि मग रोजच वाकत राहिली.

ते एकाहत्तर साल. दिवाळी सरली तसं लढाईचं वारं जोरात वाहू लागलं होतं. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात रात्रंदिवस पाळ्या चालू झाल्या, आणि कारखान्याला लाकडी पेट्या पुरवणाऱ्या एका ठेकेदाराला हातोडी धरणारी मिळतील तेवढी माणसं हवी होती. खैरटोल्यातून अठरा जणं निघाली. रोज चाळीस-पंचेचाळीस मैलांची ये-जा. चिंतामणीची गाडी नसती तर एकही जण गेला नसता. आठला हजेरी. आठ वाजून पाच मिनिटांनी आलेला माणूस त्या दिवसापुरता परत.

अपघात झाला ती सकाळ दवाची होती. मुरूम ओला, ठोकळाही ओला. वळणाशी गाडी थांबली, माणसं उतरली, गड्यांनी खांदे लावले. चिंतामणीनं क्लच सोडला आणि त्याच्या पायाला कळलं की प्लेट धरत नाही. ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी वीतभर मागं आली. वीतभरच. ठोकळा दवावरून निसटला, त्यामागचा हात मात्र तिथंच होता.

गेंदाबाई ओरडली नाही. "आगे लो," एवढंच म्हणाली. ते इतकं हळू, की चिंतामणीला ते ऐकू न येता दुसऱ्या कुणीतरी ओरडून सांगावं लागलं.

जबलपूरच्या सरकारी दवाखान्यात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं काढली, अंगठ्याशेजारची. ठेकेदाराच्या कारकुनानं सांगितलं, हात बरा झाला की या. आणि त्याच दुपारी तिची हातोडी दुसऱ्या बाईला दिली. चिंतामणी तिथंच उभा होता. आपण काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं. कारकून म्हणाला, दादा, तुम्ही ड्रायव्हर आहात ना, गाडी फाटकासमोरून हलवा. त्यानं गाडी हलवली.

गावात कुणी त्याला दोष दिला नाही. वाईट होतं ते दुसरंच. घाटी चढून माथ्यावर आलं की गाडी रोज दहा मिनिटं थांबायची. रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं, माणसांनी धाप टाकायची. त्या दहा मिनिटांत कुणीतरी त्याच्यापुढं बिडी धरायचं, कुणी बोरं द्यायचं, बाया त्याला 'दखनी दादा' म्हणून काहीबाही विचारायच्या: दादा, पाकिस्तान किधर पड़ता है, दादा, खमरिया में बम गिरेगा तो का करें. दिवसभरात माणसांशी त्याचं बोलणं व्हायचं ते तेवढंच. अपघातानंतर माणसं माथ्यावर गाडीच्या पलीकडच्या अंगाला बसू लागली. बिडी इकडून तिकडे फिरायची, पण त्याच्यापर्यंत यायची नाही. मुद्दाम कुणी करत नव्हतं. माणसाला ज्याच्याकडे बघवत नाही, त्याच्याकडे तो बघत नाही, इतकंच.

घरी तर बोलायला कुणी नव्हतंच. खैरटोल्यातलं एकुलतं एक मराठी घर त्याचं. भोसल्यांच्या अमलात कुणी पूर्वज वसुलीला आला आणि इथंच राहिला, असं सांगत. पाच एकर जमीन, तीही वाट्यानं दिलेली. चिंतामणी छपन्नाचा. मागच्या महायुद्धात तो लष्कराच्या गाड्या चालवायचा, आणि लढाई संपल्यावर लष्करानं भंगारात काढलेली ही पिकअप त्यानं लिलावात घेतली होती. बायको जाऊन चार वर्षं झाली. ती होती तोवर त्या घरात मराठी बोललं जायचं. आता त्याला कधीकधी आठवडा-आठवडा मराठीचा एक शब्द बोलायला मिळत नसे. मग चूल पेटवताना तो स्वतःलाच म्हणायचा, "हाव, आता कणीक भिजवून घेतो," आणि आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायचा.

क्लचची प्लेट त्यानं अपघातानंतर लगेच बदलली होती, पण चढ तोच होता. गेंदाबाई दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी त्यानं गाडीखाली जाऊन बराच वेळ मागच्या धुऱ्याकडे, दोन्ही चाकं जोडणाऱ्या लोखंडी कण्याकडे, पाहिलं.

धुऱ्याच्या मधोमध जो लोखंडी फुगीर गोळा असतो, त्याच्या पोटात एक मोठं दातेरी चाक असतं आणि त्याला फिरवणारं एक लहान. मोठ्याला क्राऊन म्हणतात, लहानाला पिनियन. लहानानं किती फेरे घेतले की मोठं एकदा फिरतं, यावर सगळा खेळ. फेरे कमी, तर गाडी पळते पण ओझं ओढत नाही. फेरे जास्त, तर गाडी रांगते पण भिंतीवरसुद्धा चढेल. लष्करानं गाडी दिली तेव्हा तिच्यात पस्तीस दात्यांचं क्राऊन होतं आणि सहा दात्यांचं पिनियन. चिखलातून दारूगोळा ओढायला केलेली गाडी ती. ताशी पंचवीस-सत्तावीस मैलांवर गेली की इंजिन किंचाळायचं. पण खैरटोल्याची घाटी ती वीस पोती धान्य घेऊन न थांबता चढायची.

ते चाक त्यानं स्वतःच्या हातानं काढलं होतं, सात वर्षांपूर्वी. बायकोला दमा होता. थंडीच्या दिवसांत एकदा श्वास इतका अडकला की तिला घेऊन जबलपूरला पोचायला त्याला दोन तास लागले, आणि दोन्ही तास तिच्या ओठांचा रंग पाहत त्यानं गाडी चालवली. घरी आल्यावर त्यानं पहिलं काम तेच केलं. जबलपूरच्या गुरंदी या भंगारबाजारात जाऊन एका हलक्या गाडीचं एकेचाळीस-दहाचं क्राऊन-पिनियन आणलं, जुनं तिथंच बदलीत दिलं. मग दवाखाना सत्तर मिनिटांवर आला. तीन थंड्या त्या चाकावर निघाल्या. चौथ्या थंडीत ती गेली, ती भरदुपारी, मेथी निवडताना. गाडी सुरू करायलाही वेळ मिळाला नाही.

तेव्हापासून जुनं चाक परत बसवायची कारणं निघाली, पण त्यानं मागच्या धुऱ्याला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेट्यांच्या अड्ड्यावर माणसं उतरवून तो गुरंदीत गेला. भंगारवाले बन्ने मियाँ आता पार म्हातारे झाले होते. पण दाते मोजायला त्यांना चष्मा लागत नव्हता, बोट फिरवूनच मोजायचे. लष्करी गाडीचा एक तुटका धुरा त्यांच्याकडे होता. त्यातला क्राऊन-पिनियनचा जोड चिंतामणीनं काढला, क्राऊन रॉकेलनं धुतलं, उन्हात धरलं, एकेक दाता नखानं चाचपला. पस्तीस. एकाही दात्याला टवका नव्हता. बन्ने मियाँ म्हणाले, तेज गाड़ी को सुस्त कर रहे हो, लोग उल्टा करवाते हैं. चिंतामणी म्हणाला, घाटी है. बदलीत जुना जोड द्यायचा ठरलं, काम झाल्यावर.

तिथून तो शहराच्या टोकाला, रांझीला गेला. त्याची मुलगी लतिका तिथं क्वार्टरमध्ये राहायची. जावई चंद्रशेखर ट्रकच्या कारखान्यात मागचे धुरेच जोडायचा, म्हणून चिंतामणीला आशा होती. जेवताना त्यानं विषय काढला. दोन दिवस आलात तर बरं होईल, म्हणाला.

चंद्रशेखर वाईट माणूस नव्हता. पण बारा-बारा तासांची पाळी करून त्याचे डोळे खोल गेले होते. "सुट्टी बंद आहे, बाबा," तो म्हणाला. "अन् हे घरी करायचं काम नाही. आमच्याकडे त्याला डायल असते, केसाएवढा फरक दाखवते. दाते जवळ बसले तर तापून जळतात, दूर बसले तर तुटतात. अंदाजानं नाही बसत ते."

"मी बसवलं होतं ना मागं."

"तेव्हा नशिबानं बसलं."

लतिकेनं ताटात भात वाढला. "काहून करून राहिले तुम्ही हे सगळं? विकून टाका ना गाडी. इथं या. एक खोली आहे." तिचा मुलगा आजोबांकडे बघत होता. चिंतामणीनं त्याला विचारलं, "शाळेत काय शिकवून राहिले, बाळा?" पोरगा आईकडे वळला आणि म्हणाला, "नानाजी क्या बोल रहे?"

तिनं हिंदीत सांगितलं. चिंतामणी हसला आणि भात कालवू लागला.

त्या आठवड्यात नोव्हेंबर संपता संपता पेट्यांचं लाकूड आलं नव्हतं म्हणून अड्ड्याचं काम तीन दिवस बंद राहिलं. तेवढे तीन दिवस त्याच्या हातात होते. अंगणातल्या कडुनिंबाखाली त्यानं गाडीचं मागचं अंग उचललं, खाली रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे तुकडे रचले. चाकं काढली. दोन्ही बाजूंनी धुऱ्याचे दांडे ओढून काढले. खालचा बूच सोडला तसं काळं, जाड, कुजक्या लसणासारख्या वासाचं तेल घमेल्यात उतरलं. मग उताणा पडून त्यानं गोळ्याभोवतीचे नट एकेक ढिले केले. शेवटचे दोन राहिले तेव्हा त्यानं छातीवर गोणपाट दुमडून घेतलं. गोळा एक मणाच्या वरचा. सात वर्षांपूर्वी बायको शेजारी बसून पहार धरून होती. आता त्यानं नट काढला, गोळा सुटून छातीवर आला आणि त्याच्या तोंडून वारा निघून गेला. गोळ्याला मिठी मारून तो बराच वेळ तसाच पडून राहिला. वर चेसिसच्या पट्ट्या, त्यापलीकडे आकाशाचा एक तुकडा. आपण इथं असेच मेलो तर कुणाला कधी कळेल, याचा त्यानं सरळ हिशेब केला. तीन दिवसांनी सकाळी, गाडी आली नाही म्हणून कुणीतरी शिव्या देत येईल तेव्हा. मग कूस बदलून त्यानं गोळा मातीत उतरवला.

क्राऊन-पिनियन बदलणं तासाभराचं काम. खरं काम त्यानंतरचं. नवे दाते एकमेकांत कुठं चावतात ते बघावं लागतं, आणि पिनियनच्या मागं पितळी पत्र्याच्या पातळ चकत्या घालून ते पुढंमागं करावं लागतं. त्यासाठी त्यानं पूजेच्या दुकानातून शेंदूर आणला होता. तेलात कालवून दात्यांना लावायचा, चाक फिरवायचं. जिथं शेंदूर पुसला जाईल तिथं दाता चावतो. पण फिरवताना पिनियनवर एकानं हात ठेवून किंचित अडवून धरावं लागतं, आणि दुसऱ्यानं बघावं लागतं. तो एकटा कधी फिरवायचा, कधी पळत पलीकडे जाऊन बघायचा. तोवर चाक परत सरकलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला गेंदाबाई आली. उजवा हात फडक्यात गुंडाळून गळ्यात अडकवलेला. फाटकाशी उभी राहून तिनं शेंदूर पाहिला आणि विचारलं, पूजा कर रहे का, दादा.

तो म्हणाला, नाही, दाते बघतो आहे.

ती आत आली आणि उकिडवी बसली. ती काहीतरी मागायला आली असेल, असं त्याला वाटलं. तिनं काही मागितलं नाही. तो पळापळ करत होता ती थोडा वेळ पाहत राहिली. मग पुढं होऊन डाव्या हातानं तिनं पिनियनचं बाहेरचं टोक धरलं.

"घुमाऊँ?"

त्यानं मान हलवली. ती फिरवू लागली. तो वाकून दात्यांकडे बघत होता आणि बघताबघता त्याच्या तोंडून आपोआप मराठीच निघू लागलं. "हळू. हळू फिरव. आता थांब. कडेला चावून राहिला हा, मधे नाही." ती थांबली. त्यानं वर पाहिलं. आपण कुणाशी कसं बोललो हे त्याला कळलं. पण तिला 'थांब' कळलं होतं, आणि ती त्याच्या तोंडाकडे पुढच्या शब्दासाठी बघत होती.

दिवसभरात त्यांनी चार वेळा गोळा उघडला आणि चार वेळा बांधला. एक चकती काढ, दोन घाल. दर वेळी शेंदूर नव्यानं. दुपारी त्यानं भाकरी आणि वांग्याचं भरीत दिलं, ते तिनं डाव्या हातानं खाल्लं. त्या हाताची तिला सवय नव्हती. घास ओठांपाशी जाऊन सांडायचा. तो दुसरीकडे बघत राहिला. उन्हं उतरली तेव्हा शेंदूर प्रत्येक दात्यावर अगदी मधोमध, बदामाएवढा पुसला गेला. त्यानं क्राऊन धरून हलवलं. केसभर ढिलाई, त्याहून जास्त नाही. बोल्टांमधून तार ओवून त्यानं पीळ दिला.

गोळा परत वर चढवणं तिसऱ्या दिवसाचं काम होतं. त्यानं चेसिसच्या आडव्या पट्टीवरून दोर टाकला. गेंदाबाईनं दोराचं टोक कमरेला गुंडाळलं, डाव्या मुठीत पीळ घेतला आणि विहिरीची मोट ओढावी तशी मागं रेलली. तो खालून खांद्यानं रेटत होता. गोळा बोटबोट चढला. छिद्रं जुळली, पहिला नट बसला, आणि तो गाडीखालूनच म्हणाला, "सोड आता." दोर सैल झाला. तिच्या कमरेवर लुगड्यातून दोराचा वळ उठला होता, तो तिनं एका हातानं चोळला.

गाडीखालून बाहेर येऊन, हात पुसत, दोन दिवस जे बोलायचं राहिलं होतं ते तो बोलला. हिंदीत जुळवून बोलला. चूक माझी होती; क्लच गेलाय हे मला त्याआधी आठवडाभर ठाऊक होतं.

गेंदाबाईनं ते ऐकून घेतलं. "मालूम है," ती म्हणाली, आणि घरी गेली.

डिसेंबर लागला आणि तिसऱ्याच दिवशी लढाई जाहीर झाली. गाड्यांच्या दिव्यांना अर्धं काळं फासायचा हुकूम निघाला. चिंतामणीनं तव्याची काजळी तेलात कालवून फासली. आता गाडी हळू, म्हणून निघायची वेळ पाऊण तासानं अलीकडे आणली होती. माणसं कुरकुरत अंधुक उजेडात गोळा झाली, अठराच्या अठरा. गेंदाबाईच्या जागी आता तिच्या टोल्यातली दुसरी बाई येत होती. वळण आलं. मागची माणसं सवयीनं उठून उभी राहिली, दोघांनी फळीवरून पाय बाहेर टाकले. चिंतामणीनं दारावर थाप दिली नाही. गाडी गुरगुरत, म्हशीसारखी मान खाली घालून, एका चालीनं वळण चढून गेली. मागं कुणीतरी "नर्मदे हर" म्हणालं आणि सगळ्यांनी हर म्हटलं.

माथ्यावर गाडी थांबली नाही. थांबायचं कारणच नव्हतं. पाणी उकळलं नव्हतं, कुणाला धाप लागली नव्हती, आणि हजेरी चुकायची भीती होती. डांबरीवर गाडी पंचवीसच्या वर जात नव्हती. मागून माणसांचं हसणं ऐकू येत होतं, मग गाणं. पुढं तो एकटा. मधे लोखंडी पत्रा. चढ सुटला तशी ती दहा मिनिटंही सुटली, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं. एका सकाळी तो उगाचच माथ्यावर थांबला. खाली उतरून चाकांना लाथा मारून पाहिल्या. मागून विचारणा झाली, का हुआ, दादा? तो म्हणाला, कुछ नहीं. कुणी खाली उतरलं नाही. तो परत आत बसला.

त्या संध्याकाळी तो ढीमर टोल्यात गेला. गेंदाबाई दारात बसून डाव्या हातानं जाळं विणायचा प्रयत्न करत होती. गाडी चढली, असं त्यानं सांगितलं. एकदाही थांबली नाही.

"चढ गई, अच्छा है," ती म्हणाली. जाळ्यातली गाठ परत सुटली. "अब मैं का करूँ, जे बताओ."

तो तसाच उभा राहिला, आणि ती गाठ मारत राहिली.

लढाई दोन आठवड्यांत संपली. अड्ड्यावर पेढे वाटले. चारच दिवसांनी कारकुनानं खैरटोल्याच्या अठराही जणांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. परतीच्या वाटेवर मागं गाणं नव्हतं. लतिकेचं पत्र आलं: शहरात एकाला जुनी पिकअप हवी आहे, पण पळणारी हवी, जुनं चाक परत बसवता आलं तर तो लगेच नेईल, आणि मग तुम्ही इकडे या. चिंतामणीनं पत्र दोनदा वाचलं. पळणारं चाक गोणपाटात बांधून ओसरीवर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं ते उचलून गाडीत टाकलं, गुरंदीत जाऊन बन्ने मियाँच्या ढिगावर ठेवलं. मियाँनी त्याच्यावरून बोट फिरवलं, एकेचाळीस मोजले आणि मान डोलावली. मुलीला त्यानं पोस्टकार्ड टाकलं: गाडी आता पळत नाही. मी इथंच बरा आहे.

पौषात वाटाणा निघाला. भोवतालच्या चार गावांचा वाटाणा घाटी चढवून जबलपूरच्या मंडईत न्यायचा होता, आणि तेवढं ओझं चढवणारी गाडी आता एकच होती. पोती मोजून घ्यायची, कुणाचं कुठलं ते ध्यानात ठेवायचं, मंडईत तोलावर नजर ठेवायची. ड्रायव्हरला एकट्याला हे जमणारं नव्हतं. तो पुन्हा ढीमर टोल्यात गेला. गाडीवर चल, म्हणाला. उजव्या हाताचं काम नाही, डोळ्यांचं आहे. जे मिळेल ते अर्धं-अर्धं.

गेंदाबाईनं विचार केला. "पीछे बोरों पर नहीं बैठूँगी," ती म्हणाली. "आगे बैठूँगी."

ते सोपं नव्हतं. पटेलांच्या दोन घरांनी आपली पोती दिली नाहीत. ढीमरीण पुढच्या बाकावर बसते त्या गाडीत आमचा माल नको. कुणी आणखीही काही बोललं, म्हातारा एकटा आहे ना. तेही त्याच्या कानावर आलं. त्यानं उरलेली पोती भरली. गेंदाबाई पहिल्या दिवशी दार उघडून चढली, बाकाच्या अगदी कडेला बसली आणि दुखरा हात मांडीवर ठेवून बाहेर बघू लागली.

शेजारी माणूस आलं म्हणजे बोलणं होईल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही. ती गप्प असायची. तीन दिवस गाडीत इंजिनाशिवाय आवाज नव्हता. चौथ्या दिवशी थंडी फार होती, काचेवर धुकं बसत होतं. गाडी घाटीला लागली. गेंदाबाईनं डाव्या हातानं आपल्या बाजूची काच पुसली आणि बाहेरच बघत विचारलं,

"दादा, बाई को नाम का हतो?"

क्षणभर त्याला कळलं नाही, कुठली बाई. मग कळलं.

"विनता," तो म्हणाला.

चार वर्षांत हे नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. आणि गावानं तर तिला कधी नावानं हाक मारलीच नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून मरेपर्यंत ती सगळ्यांची दखनीन बाई होती.

"बिनता," गेंदाबाई म्हणाली. मग शब्द तोंडात नीट बसवून घ्यावा तसं पुन्हा एकदा, "बिनता."

त्यानं ते दुरुस्त केलं नाही. त्यानं गिअर खाली घेतला, गाडीनं मान खाली घातली. "दमा होता तिले," तो म्हणाला, "पण बोलायची लय." मराठीतच बोलला. गेंदाबाईनं काचेवरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं आणि ती ऐकू लागली. भरली गाडी घाटी चढायला आता वीस मिनिटं घ्यायची, आणि चढ नुकताच लागला होता.